जांभळाखालची मोजणी

बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. तिला आम्ही नदीत सोडलं नाही. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं. शेवटी शेवटी खाटेवरून उठवत नव्हतं तेव्हा एकदा म्हणाली, "त्या फेसाच्या पाण्यात मला टाकू नका. जित्या माणसाला पाय घालवत न्हाई त्यात. आपल्या रानात टाका, वर एखादं झाड लावा." आमच्याकडं हल्ली बरेच जण असं करतात. तिसऱ्या दिवशी सावडून आलो, मडकं घेऊन सरळ रानात गेलो, बांधाच्या कडेला गुडघाभर खड्डा घेतला, मडकं त्यात रिकामं केलं आणि वर जांभळाचं रोप लावलं. जागा मी ठरवली. कुणाला विचारलं नाही.

आपल्या रानात, एवढंच तिचं मागणं होतं. जन्मभरात तिनं माझ्याकडं फार काही मागितलं नाही, म्हणून हे सांगतो.

रान तरी कुठलं मोठं! तळवड्यावरून चाकणला रस्ता जातो, त्याच्या आत आमचं गाव. बापाच्या वेळची बरीच जमीन कारखान्यांत गेली, माझ्या वाट्याला एक लांबट पट्टी राहिली. तिला चिकटून चुलतभावाची पट्टी. त्याचे गुडघे गेले, त्याच्या मुलांना मातीत हात घालायचा नव्हता, त्यानं ती विकून टाकली. तिथं पत्र्याचं गोदाम उभं राहिलं. गोदाम इतकं उंच की त्याच्या सावलीनं माझं निम्मं रान दुपारी तीनलाच अंधारतं. दिवसभर ट्रेलर येतात आणि मागं सरताना पीं पीं करत राहतात. तसल्या गोंगाटात मी रोज सकाळी जाऊन जांभळाखाली बसायचो. काही करायचो नाही. नुसता बसायचो.

मुलगी हिंजवडीला नोकरी करते, तिकडंच राहते. आई गेल्यावर तिनं मला मोठा फोन घेऊन दिला आणि त्यात काहीतरी लावून ठेवलं. त्यामुळं मी कुठं आहे ते तिला तिच्या फोनवर ठिपक्यासारखं दिसतं. मी म्हणालो, "मी काय तुमच्या कंपनीची कॅब आहे?"

"कॅब परवडली आबा," ती म्हणाली. "कॅबवाला फोन तरी उचलतो."

एकदा पावसाळा सरल्यावर सकाळी तिचा फोन आला.

"आबा, गोदामात काय करताय?"

"गोदामात कशाला मरायला जाऊ? आईपाशी बसलोय."

"नकाशावर गोदामाचा चौकोन रंगवलाय ना, त्याच्या आत तुमचा ठिपका दिसतोय."

"बिघडला असंल तुझा फोन."

"तीन दिवस बघतेय आबा. रोज तिथंच दिसताय."

फोन ठेवला आणि बांधाकडं न बघताच घरी आलो. का बघितलं नाही ते मी स्वतःला विचारलं नाही. माणसाला नको ते आठवायला लागलं की तो आधी चिडतो. मी चिडलो. गोदामवाल्यांनी नकाशात आपलं रान गिळलं, असं धरून बसलो. मुलगी समजावत होती की फोन चार-पाच पावलं इकडं तिकडं चुकतोच, त्यावरून भांडू नका. मी म्हणालो, "मग सरकारी मोजणीच आणतो. कळू दे कोण चोर आहे ते." तालुक्याला गेलो, अर्ज लिहून घेतला, खाली सही केली. मी चौथी शिकलोय. सही मात्र झोकात करतो.

महिन्याभरानं मोजणीची नोटीस आली. एक मला, एक शेजारी म्हणून गोदामवाल्याला. त्यात लिहिलं होतं की हद्दीच्या खुणा मोकळ्या करून ठेवाव्यात. विळा घेऊन गेलो. आमच्या आणि भावाच्या मधल्या खुणेच्या दगडावर गवत माजलं होतं. गवत कापलं, मूठभर माती बाजूला सारली, दगडावर हात ठेवला. आणि हात तिथंच राहिला.

तो दगड मी हलवलेला होता.

शेतकऱ्याला हे सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. बांध कोरणं म्हणून एक चोरी असते. नांगर धरताना बांधाकडचं शेवटचं तास, म्हणजे नांगराची रेघ, जरासं बांधात घ्यायचं, वीतभरसुद्धा नाही. शेजाऱ्याला दिसत नाही. दिसलं तरी वीतभर मातीसाठी कोण भांडणार? दुसऱ्या वर्षी पुन्हा. बांध एका बाजूनं झडतो आणि हळूहळू पलीकडं सरकतो. पिंपरीत मी पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होतो. शिफ्ट करून घरी यायचो, सुट्टीच्या दिवशी नांगर धरायचो. भाऊ दुसऱ्या कंपनीत होता. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या. त्यामुळं माझ्या नांगरापाशी तो कधी नसायचा. पंचवीस वर्षं मी बांध कोरला. बांध पुढं गेला आणि दगड एकटाच माझ्या रानात उभा राहिला, तेव्हा एका दुपारी पहार घेऊन तोही उचलला आणि नव्या बांधात रोवला.

बायको भाकरी घेऊन आली होती. ती बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "दगड उचलला व्हय? आता त्याच्या जागी काय ठेवणार?"

मी म्हणालो, "तोंड मिट आन् भाकरी सोड."

तिनं भाकरी सोडली. पण त्या दिवसापासून त्या पट्टीत तिनं पेरलं नाही, खुरपलं नाही, तिथली एक शेंगही तोडली नाही. तेवढं मी एकटा करायचो. भांडली मात्र नाही. खुरपत खुरपत यायची, जुन्या बांधाची जागा आली की उठायची, पदर झटकायची आणि माघारी वळायची. तिला ती जागा कशी कळायची कुणास ठाऊक. मला तर काही वर्षांनी खरंच कळेनाशी झाली. माणूस एखाद्या जागेला माझी माझी म्हणत राहिला की ती त्याला आपलीच वाटायला लागते.

आणि जांभूळ मी लावलं होतं ते त्याच पट्टीत. दगडापासून चार पावलांवर. आपल्या रानात टाका म्हणाली होती, आणि ज्या मातीला ती जन्मभर शिवली नाही त्याच मातीत मी तिला ठेवून आलो होतो.

अर्ज मागं घ्यायला तालुक्याला गेलो होतो. हे कुणाला सांगितलेलं नाही. खिडकीपाशी उभा राहिलो. कारकुनानं विचारलं, "कारण काय लिहू?" मी तसाच परत आलो.

मोजणीच्या दिवशी सकाळी दहाला सरकारी बाई आली. तिशीतली, डोक्याला रुमाल बांधलेला, पायात कापडी बूट. बोलण्यावरून मराठवाड्याकडची. मी लहानपणी बघितलेली मोजणी म्हणजे साखळी ओढणारे चार गडी, तिपाईवर फळी, फळीवर कागद, दिवसभर आरडाओरडा. हिच्याकडं एक काठी होती. काठीच्या टोकाला पांढरं, अळंबीसारखं यंत्र, आणि मध्ये अडकवलेला फोनएवढा पडदा. त्याला रोव्हर म्हणतात.

गोदामाकडून त्यांचा साईट सुपरवायझर आला होता, गळ्यात पट्टा अडकवलेला. चुलतभावाला मी बोलावलं नव्हतं, पण तो मुलाच्या गाडीवर मागं बसून आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जीभ माझ्याहून थोरली. उतरल्या उतरल्या म्हणाला, "काय दादा, आता आभाळातनं मोजणार म्हणं? खालून मोजून भागंना झालं व्हय?"

"तुला काय करायचंय? तू इकून मोकळा झालास."

"म्हणून तर आलो. माझ्या बापाची जमीन किती होती ते इकल्यावर तरी कळू दे."

बाईनं काठी टेकवली. काठीवरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणला आणि पडद्याकडं बघत थांबली. मी विचारलं, कशाची वाट बघता?

"उपग्रह धरायले, बाबा. अजून फिक्स, म्हंजी पक्की जागा, येईना."

"हे उपग्रह म्हणजे वरून फोटो काढतात?"

"हे फोटोवाले न्हाईत. हे नुसती वेळ सांगायलेत. वीस हजार किलोमीटरवर आन् त्याच्याही वर फिरायलेत. अमेरिकेचे हायेत, रशियाचे हायेत, युरोपचे, चीनचे, आपलेपण हायेत. प्रत्येकाच्या पोटात लई भारी घड्याळ. त्यो सारखं सांगत राहतो, मी आत्ता अमक्या ठिकाणी हाय आन् इतके वाजलेत. त्याचं बोलणं खाली यायला जो उशीर लागतो त्यावरून कळतं त्यो आपल्यापासून किती लांब हाय."

मला भोंगे आठवले. नोकरीच्या सुरुवातीला पिंपरीत आम्ही संत तुकाराम नगरच्या मागं खोली घेऊन राहायचो तेव्हा शिफ्टला कंपन्यांचे भोंगे वाजायचे. जवळचा लगेच ऐकू यायचा, लांबचा मागून. भोंगा सातच्या ठोक्याला सुटतो हे पक्कं ठाऊक असलं आणि आपलं घड्याळ बरोबर असलं, तर आवाज किती मागं पडला त्यावरून कंपनी किती लांब ते सांगता येईल. आणि तीन कंपन्यांचे भोंगे ऐकले तर आपण नेमके कुठं उभे आहोत तेही निघेल. मी तसं बाईला म्हणालो.

ती हसली. "बाबा, आमच्या ट्रेनिंगला तुम्हालाच बोलवाया पाहिजे. पण तीन न्हाई, चार लागतात."

"चौथा कशाला?"

"वरची घड्याळं खरी. आपलं खालचं स्वस्तातलं. सेकंदाचे लाख तुकडे केले आन् त्यातला एक चुकला, तर तुम्ही इथं उभे असून तीन किलोमीटरवर दिसाल. चौथ्यामुळं आपलं घड्याळ किती खोटं बोलायलंय ते पकडता येतं."

भाऊ म्हणाला, "खोटं पकडायला सरकारनं चौथा माणूस ठेवला म्हणा की."

सगळे हसले. मीही हसलो.

मी विचारलं, "मुलगी म्हणते फोन चार-पाच पावलं चुकतो. मग तुमची काठीपण चुकत असेल."

"फोन चुकतो. वरून येताना हवेत वळायलंय, पत्र्यावर आपटून यायलंय, त्यात चूक होती. पण तालुक्याला एका कचेरीच्या गच्चीवर असंच यंत्र कायमचं बसवलंय. ते जागचं हलत न्हाई. आपण कुठं हाव ते त्याला पक्कं ठाऊक. मग उपग्रह आज किती चुकायलेत ते त्याला कळतं, आन् ते माझ्या काठीला तसं सांगतं. मग चूक राहती दोन बोटांची."

दोन बोटं. मी माझ्या हाताकडं बघितलं.

तिला बोलायची आवड होती, किंवा फिक्स येईपर्यंत वेळ काढायचा होता. म्हणाली, असली न हलणारी यंत्रं शास्त्रज्ञांनी डोंगरांवर, खडकांवर बसवलीत. त्यावरून भूकंपाआधी आणि नंतर जमीन किती सरकली ते मोजतात. हवेतल्या ओलीनं उपग्रहाच्या बोलण्याला उशीर होतो, त्यावरून पावसाचा अंदाज बांधायलाही मदत होते. आपला अख्खा देशच दर वर्षाला दोन-तीन बोटं ईशान्येला सरकतोय, तेही यातूनच मोजतात. सुपरवायझर म्हणाला, "आमच्या सगळ्या ट्रेलरला बसवलंय. ड्रायव्हर चाकणच्या जाममध्ये अडकलाय की धाब्यावर झोपलाय, ऑफिसात बसून दिसतं." ते त्यानं अभिमानानं सांगितलं.

मग पडद्यावर हिरवं काहीतरी आलं आणि बाईनं काठी उचलली.

ती आधी तीन गावांच्या शिवेवरच्या दगडावर गेली. मग माझ्या वरच्या कोपऱ्यावर. मग रस्त्याकडच्या. जुन्या साखळीच्या मोजणीचं टिपण तिच्या पडद्यात भरलेलं होतं. मला आधी वाटलं होतं की हद्द आभाळातून दिसते. तसं नसतं. वरच्याला कुणाची जमीन कुठवर ते काही ठाऊक नसतं. तू कुठं उभा आहेस एवढंच तो सांगतो. हद्द कागदात असते, ती आपल्याच आज्या-पणज्यांसमोर लिहिलेली. एकेक दगड झाला की ती म्हणायची, "जुळला." पहिला जुळला. दुसरा जुळला. तिसराही जुळला. मी तिच्या मागं मागं चालत होतो. न्यायला आलेल्याच्या मागं चालावं तसा.

मधल्या दगडावर तिनं काठी टेकवली. पडद्याकडं बघितलं. काठी उचलून पुन्हा टेकवली.

"बाबा, हा दगड इथंच व्हता का पहिल्यापासून?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात ना, देश सरकतोय म्हणून. तसा सरकला असंल."

"देश सरकला तर बाकीचे तीन दगडपण सरकले असते. ते जागेवर हायेत. ह्यो एकटाच चालाय लागलाय." ती हे हसून म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू गेलं.

"आता ते झाड घेते," ती म्हणाली.

जांभळाखाली शिरली तर यंत्राला काही ऐकूच येईना. जांभळाचा पाला दाट. हिरवं जाऊन पिवळं आलं. ती दोन पावलं सरकली, पुन्हा पिवळं. म्हणाली, "फ्लोट, म्हंजी अजून कच्चंच, दाखवायलंय. पाल्यातनं उपग्रह दिसंनात, आन् हिकडं गोदामाचा पत्रा." पाच मिनिटं झाली, दहा झाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मला वाटलं, बायकोच धरून बसलीय वरच्याला. पदर आडवा धरलाय तिनं. जन्मभर माझ्या चोरीवर बोलली नाही, आताही बोलू देणार नाही. मी मनात म्हणालो, धर अजून थोडा वेळ.

मग बाईनं पिशवीतून साधी फीत काढली. झाडापासून लांब, उघड्या आभाळाखाली दोन जागी काठी टेकवली. दोन्हीकडं हिरवं आलं. तिथून फीत ओढून बुंध्यापर्यंतची दोन मापं घेतली आणि पडद्यात घातली. एवढंच. पाला आडवा आला तरी त्यांच्याकडं तोड असते. चार मिनिटांत काम झालं.

तिनं चुन्याची पुडी फोडली आणि रेष ओढत आली. जांभळाच्या अलीकडून. माझ्या बाजूनं. मी पावलांनी नाही, हातांनी मापलं. वाकून, हातापुढं हात टाकत. बुंध्यापासून रेघेपर्यंत आठ हात भरले. वाकलेला उठलो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते.

सुपरवायझर म्हणाला, "म्हणजे मॅडम, झाड आमच्यात. काका, आमचं कंपाउंड बरोबर या लाईनवर येणार. झाड निघेल."

तेवढ्यात भाऊ पुढं झाला. लंगडत लंगडत दगडापाशी गेला आणि दगडावर पाय ठेवून म्हणाला, "ओ बाई, लिहा माझा जबाब. ही जमीन माझी व्हती. ह्यो दगड माझ्या आज्यापासून हितंच हाय. कागद चुकलाय तुमचा."

"बाबा, टिपण असं चुकत न्हाई."

"माणूस चुकंल, कागद चुकंना व्हय? साखळी ओढणारा पिऊन आला असंल त्या दिवशी. मी ह्या दगडाला नारळ फोडलेत. लिहा. न्हाईतर मी हरकत घेतो."

त्यानं त्या दगडाला कधी नारळ फोडला नव्हता. तो माझ्याकडं बघतही नव्हता. तेव्हा मला कळलं, त्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

बाई माझ्याकडं वळली. "बाबा, अर्जदार तुम्ही. तुम्ही सांगा. त्यांनी हरकत घेतली तर प्रकरण वरच्या साहेबाकडं जाईल, पुन्हा मोजणी लागंल. तवर कुंपण थांबंल. दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा. दगड पहिल्यापासून इथंच व्हता का?"

दोन-तीन वर्षं. माझ्या वयाला तेवढी पुरली असती. व्हय म्हणालो असतो तर मी मरेपर्यंत जांभूळ उभं राहिलं असतं. जीभ उचलली होती मी. पण डोळ्यासमोर ती आली, खुरपत खुरपत येऊन बरोबर त्या रेघेपाशी उठलेली. चुन्याची रेघ आज पडली. ती मात्र सगळा जन्म तिथूनच माघारी वळत होती.

मी म्हणालो, "दगड मी हलवला. पहारीनं. लिहा तसं."

भाऊ ओरडला, "दादा! येड लागलं का तुला?"

"लिहा. ह्याच्या जमिनीतली आठ हात मी खाल्ली. हा खोटं बोलतोय, माझ्यासाठी."

बाईनं लिहिलं. मी वाचलं नाही. एरवी झोकात सही करतो, तेव्हा एकेक अक्षर सुटं लिहिलं. भावानं साक्षीदार म्हणून सही केली आणि लेखणी कागदावर आपटली.

मग तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "एवढ्या वर्षांत एकदा मागितली असतीस तर आठ काय, वीस हात दिली असती. वहिनीला ठेवलं त्या दिवशी मी हितंच उभा व्हतो. माझ्या मातीत ठेवतोय हे मला दिसत व्हतं. म्हटलं, राहू दे, वहिनी हाय. आता कुठून देऊ? आता ती माझी न्हाई. इकून बसलो."

बांध कोरला तेव्हा चोरी वीतभराची होती. आज ती कुठवर जाऊन पोचली ते त्यानं मला दाखवलं, आणि तेही काठीशिवाय.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "काका, साहेबांना विचारून जेसीबी देतो. मुळाच्या गड्ड्यासकट उचलून तुमच्यात लावू. पण एवढं वाढलेलं झाड जगेल का, गॅरंटी नाही."

"माती किती निघते गड्ड्याबरोबर?"

त्याला वाटलं मी झाडाच्या भल्यासाठी विचारतोय. म्हणाला, "जेवढी बकेटमध्ये मावते तेवढी."

बाई यंत्र पिशवीत भरत होती. मी म्हणालो, "बाई, एक काम करा. मला माझी जागा दाखवा. पक्की माझी." तिनं काही विचारलं नाही. काठी पुन्हा बाहेर काढली. मी पुढं चाललो, ती मागून. थांबलो की ती पडद्यात बघायची. "अजून आत चला बाबा." पुन्हा थांबलो. "अजून. मुळं पसरतील, सावली पसरंल, उद्या पुन्हा कुणी भांडाया नको." शेवटी म्हणाली, "इथं. इथं तुम्ही सगळ्या बाजूंनी आत हाव." मी तिथं खुंटी ठोकली. ती जागा उघडी, खडकाळ. बसायला सावली नाही. तिथं आम्ही कधी भाकरी खाल्ली नाही.

हे होऊन तीन आठवडे झाले. गोदामवाल्यांनी कुंपणाला रस्त्याच्या टोकापासून सुरुवात केली आहे. आयते सिमेंटचे खांब आणतात, खड्ड्यात उभे करतात, मध्ये पाट्या सरकवतात. चुन्याच्या रेघेला एक बोट सोडत नाहीत. काल संध्याकाळपर्यंत अकरा खांब झाले. जांभळाला अजून चार राहिलेत.

खुंटीच्या जागी खड्डा मी आणि भावानं मिळून घेतला. जेसीबीवाला म्हणत होता, मी मारून देतो दोन मिनिटांत. मी नको म्हणालो. भावाला वाकता येत नाही, तो कडेला बसून माती ओढायचा आणि मला शिव्या द्यायचा. खड्डा कमरेएवढा झाला. खाली मुरूम लागलाय. कडेला बसून बघितलं तर तो झाडाचा वाटत नाही. भावानंही एकदा आत बघितलं आणि पायातली चप्पल काढून ठेवली.

मुलीला सगळं सांगितलं. ती फोनवर रडली, मग म्हणाली, "आबा, सहा वर्षांत आईचं काय उरलं असेल तिथं? मुळांनी घेतलं असेल सगळं."

त्याचंच तर भ्या वाटतं. मुळं तोडल्याशिवाय गड्डा निघत नाही. ऑपरेटरनं सांगितलंय, आधी चारी बाजूंनी चर मारायचा, मग खालून बकेट घालायची, तेव्हा मुळं कडाकडा तुटतात. जेवढी तुटतील तेवढी पलीकडं राहतील, वर काँक्रीट पडेल. किती ती पलीकडं राहील आणि किती माझ्याबरोबर येईल, हे मोजायची काठी कुणाकडं नाही.

ऑपरेटर परवा सकाळी यायचं म्हणालाय. "काका, तुम्ही त्या वेळी लांब थांबा, बघवणार नाही," असंही म्हणाला. मी खड्ड्यातच उभा राहून गड्डा खाली घेणार आहे. तसं त्याला सांगितलंय. तो नाही म्हणतोय. बघू.